काळी वायर

नाना, मी नावेत बसलो. तुमच्यानंतर पहिल्यांदा, आणि तेही या वयात, गुडघे धड वाकत नाहीत तेव्हा. विद्यानगरच्या घरातून निघताना सूनबाईने दोनदा विचारलं, "बाबा, तुम्हालाच जायला हवं का?" गोळ्यांची पिशवी विसरलो म्हणून परत वर गेलो, मग व्होल्टेज मोजायचा मीटर विसरलो म्हणून परत गेलो. रिक्षात बसल्यावरही मन म्हणत होतं, नको, उतर.

तुमचा नातू शहराबाहेरच्या तलावावर बोट चालवतो. एरवी सुट्टीच्या दिवशी लोकांना फिरवून आणतो. त्या दिवशी त्याची बोट बुडालेल्या माणसाला शोधत होती. तिशीचा माणूस, मित्रांबरोबर पोहायला आला आणि वर आलाच नाही. बोटीवर एक स्क्रीन असते, ती पाण्याचा तळ दाखवते; खाली काही पडलेलं असलं तर त्याचा आकार दिसतो. पण स्क्रीन पाच मिनिटं चालायची आणि काळी पडायची. पुन्हा लावली की पुन्हा तेच. पोराने फोन केला, "बाबा, व्होल्टेज कुठे पडतंय तेच कळत नाही. बॅटरी दोनदा बदलली. संध्याकाळी तलावाचे दरवाजे उघडणार आहेत, मग सगळं नदीत जाईल. येता का?" सगळं म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही. मला ते सांगायची गरज नव्हती.

तुम्ही गोदावरीवर गेलात तेव्हा मी सातवीत होतो. पलीकडे माणसं नेणाऱ्या नावेवर दिवा बसवायचा होता. लॉरीचं काम करणारा वायरमन नावेवर कशाला, असं आई म्हणाली होती, तुम्ही हसलात. नाव उलटली, बाकीचे निघाले, तुम्ही नाही निघालात. काका किती दिवस काठाकाठाने फिरत राहिले. शेवटी भटजींनी पळसाच्या पानांचा देह करायला लावला. पानांचं डोकं, पानांचे हात, वर तुमचं धोतर. मी त्याला अग्नी दिला. ओली पानं होती, नुसता धूर झाला. आईने कुंकू पुसू दिलं नाही. "पाला जाळून कुणी विधवा होतं का?" असं सगळ्या बायकांसमोर म्हणाली, आणि मरेपर्यंत दार वाजलं की आधी तीच उठायची. माझी शाळा तिथे संपली. अफझलगंजला तुमच्याच दुकानाच्या ओट्यावर बसलो आणि लॉरीच्या वायरी जोडत म्हातारा झालो.

तर तलावाच्या काठावर एक म्हातारा बसला होता, माझ्याच वयाचा, खांद्यावर टॉवेल. बुडालेल्याचा बाप. बोट काठाला लागली की तो उठायचा आणि तेलुगूत एवढंच विचारायचा, "दोरिकिंडा?" सापडला का? पोरगा मान हलवायचा, तो परत बसायचा. पाणबुडेही बसून होते. एवढ्या पाण्यात, एवढ्या शेवाळात, बुडी मारायची तरी कुठे?

बोटीत पाय टाकला. लाइफ जॅकेट घालूनही मी पोराला म्हणालो, अजून एक दे. तिथला मेकॅनिक हसला. "चचा, दो पैनके डूबते नै क्या? बैटरी एकदम नई है, मशीनच खराब है. वापस भेजो बोला तो कोई सुनताच नै." मी म्हटलं, "हौ बाबा, बघू तर दे." बॅटरीवर व्होल्टेज चांगलं होतं. मग स्क्रीनच्या मागे मीटरची लाल सुई लावली आणि काळी, सवयीने, रेलिंगला. काटा एका जागी ठरेना, कधी बारा, कधी काहीच नाही. मग लांब वायर घेऊन काळी सुई थेट बॅटरीवर धरली. चांगलं व्होल्टेज आलं. लाल वायर ठीक, बॅटरी ठीक. मेकॅनिक म्हणाला, "देखे? मैं क्या बोला?" पोरगा घड्याळ बघत होता. वाटलं, उगाच आलो, याचा होता तो वेळही घालवायला.

तेव्हा स्वयंपाकघरातला तो दिवस आठवला. तुम्ही आईच्या चुलीजवळ जुनी बॅटरी मांडलीय, एक लॉरीचा दिवा जोडलाय, आणि तो मिणमिणतोय. मी मीटर घेऊन बॅटरीपाशी बसलोय आणि म्हणतोय, व्होल्टेज तर आहे. तुम्ही माझ्या मनगटावर चापट मारता. "ताप कुणाला आहे? दिव्याला. मग नाडी बॅटरीची कशाला बघतोस? दोन्ही सुया त्याच्याच अंगावर ठेव, आणि तो काम करत असताना ठेव." आई म्हणते, आधी जेवा, मग नाडी बघा.

स्क्रीन चालू ठेवून दोन्ही सुया तिच्याच दोन टोकांवर ठेवल्या. बाराच्या जागी दहाच्याही खाली. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती काळी पडली. म्हणजे लाल वायरीने वीज येत होती, पण तिला परतायला वाट नव्हती. काळी वायर चाचपत गेलो तर ती दोन हातांवर रेलिंगला स्क्रूने आवळलेली. रेलिंग मागे इंजिनच्या पट्टीला टेकतं, आणि तिथून बॅटरी. आमच्यासारख्याच कुणा लॉरीवाल्याने केलं असणार. लॉरीत सगळी बॉडी लोखंडाची, तीच दुसरी वायर, तुम्हीच शिकवलंत. पण नावेला बॉडी कुठली? फायबरची कढई ती. स्क्रूखाली गंजाची पांढरी भुकटी जमली होती, बोटाने उडाली. पहिल्यांदा मीही रेलिंगलाच हात घातला होता, तोही तुमचाच हात.

पोराने काठावरच्या जीपमधली जाड जंपर वायर आणली, काळी थेट बॅटरीला नेली. स्क्रीन लागली आणि लागलेलीच राहिली. मेकॅनिकने माझ्या पाठीवरचं जॅकेट नीट केलं. पोरगा म्हणाला, "उतरा आता." मी नाही उतरलो. का ते मला माहीत नाही. हळूहळू फिरत राहिलो. तळ पिवळा-तपकिरी सरकत होता, दगड, झाडाचं खोड, आणि मग, झुडपाशेजारी, कुशीवर झोपल्यासारखं एक लांबट काहीतरी. पोराने इंजिन बंद केलं. पाणबुडे गेले आणि घेऊन आले.

काठावर म्हातारा या वेळी काही विचारेना. त्याने टॉवेल काढून आपल्या मुलाचं तोंड पुसलं, कानातला गाळ काढला, पायाचे अंगठे जुळवून बांधले. मग माझ्याकडे आला आणि माझे दोन्ही हात कपाळाला लावले. लोक म्हणाले, पुण्य लागलं तुम्हाला. मी मान डोलावली.

हे पत्र टेबलावर उघडंच ठेवतो आहे. घरात मराठी सगळे बोलतात, वाचता कुणाला येत नाही, त्यामुळे लपवायची काळजी नाही. टाकायचं कुठे हाही प्रश्न नाही. एवढंच, नाना, तो म्हातारा रडत होता, आणि मला त्याचा हेवा वाटत होता.