पेवाच्या तळाशी सापडलेलं गाव

उमरगा,
ता. ९ एप्रिल १९६१

चि. सिद्धलिंग,
दादाचे शरणार्थ. इकडं सगळे खुशाल. अव्वाचे गुडघे दुखतात, पण जीभ ठणठणीत आहे. ज्वारी खळ्यावरून घरी आली.

तुझं पत्र परवा आलं आणि आपला ओटा माणसांनी भरून गेला. दत्तोपंत गुरुजींनी शाळेतला नकाशा आणून भिंतीला लावला, तू खोदकामावर आहेस त्या जॉर्डन देशावर बोट ठेवलं आणि पत्र मोठ्यानं वाचलं. बायबलातलं जे गाव तुझे साहेब लोक तीस वर्षं हुडकत होते, ते सापडलं, आणि तेही पेवामुळं! गावाचं नाव वाचताना गुरुजी तीनदा अडखळले. 'पेव' मात्र त्यांनी खणखणीत वाचलं. मी पेढे वाटले, आणि तेव्हापासून काही काम नसताना बाजारातून हिंडतोय, कुणी विचारावं म्हणून.

खरं तर मी केलं काय? तू धाडलेल्या फोटोत टेकाडावर खडकात खोदलेले वीस खड्डे होते. साहेब त्यांना थडगी समजले आणि रिकामी म्हणून सोडून देणार होते. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं, जागा उंचावरची, कोरडी. मी तुला लिहिलं, ही धान्याची पेवं आहेत, तळ गाठा. तळाला अंथरलेला भुसा कुणी झाडून काढत नाही, पडलेली वस्तू त्यातच राहते. तुम्ही तळ गाठलात. जळका गहू निघाला आणि त्याच्याखाली रांजणाचा तुटका कान, त्यावर गावाचं नाव कोरलेलं. त्यांच्या पोथीत ते राजाच्या कोठारांचं गाव आहेच. आता साहेब अहवालात 'पेव' हाच शब्द घालणार म्हणे. घालू दे, आमची हरकत नाही.

आठ वर्षांत तू मला दोनच पत्रं लिहिलीस, एक फोटोचं आणि एक हे. ह्याच्यात शेवटी तू लिहिलंस, 'दादानं बजावल्याप्रमाणं पेवाच्या तोंडातली माती काढून ते दोन दिवस उघडं ठेवलं, कंदील सोडून पाहिला, तो विझला नाही तेव्हाच माणसं उतरवली.'

ते ऐकून अव्वा म्हणाली, "एवढी अक्कल त्याला तवा असती, तर आप्पा गेले नसते."

आठ वर्षं गाव हेच म्हणत आलं, की पेवात कोंडलेली विषारी हवा निघून जायच्या आधीच तू बापाला आत उतरू दिलंस. पेव उघडायचं काम त्या दिवशी तुझ्याकडं होतं, म्हणून दोषही तुझा. तू सांगत होतास, 'मी पेव उघडलंच नाही.' मी गप्प बसलो. तू घर सोडलंस तेव्हाही गप्पच बसलो.

परवा सगळे तुझं कौतुक करत असताना मला ते सोसवेना. भरल्या ओट्यावर मी उभा राहिलो.

"अव्वा, पेव म्या उघडलं व्हतं. आप्पांनी इचारलं कधी उघडलं, म्या म्हनलो सकाळी. तवा घटकाबी झाली नव्हती. सिद्धू तिथं नव्हताच."

गुरुजींनी नकाशा गुंडाळला. माणसं एकेक करून गेली. अव्वानं दोन दिवस मला ताट वाढलं नाही. आज सकाळी तिनंच दौत पुढं ठेवली आणि म्हणाली, "त्याला लिही. समद्या गावानं ऐकलंय म्हनून लिही. माझ्या लेकरानं मान वर करून यावं."

गाव आता तुझं नाव मोठ्या मानानं घेतं, सिद्धू, आणि माझी मान खाली असली तरी ते ऐकून मला आनंदच होतो. मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो. पत्र अव्वाला वाचून दाखवलं. तिचा अंगठा खाली आहे.

आप्पा उतरले ते पेव उघडणारा,
तुझा दादा
शरणप्पा