मांडी तुमची, जिने माझे

५ फेब्रुवारी

श्रीमती विहीणबाईंस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि ठेवल्यावर दोघींनाही कळत नाही की ठरलं काय. म्हणून हे पत्र. जन्मभर शाळेत खेळ शिकवले, त्यामुळे माझं अक्षरसुद्धा पळतं. सांभाळून घ्या.

तुमची मुलगी ठीक आहे. चौथा महिना चालू आहे. मळमळ तिला होते आणि चेहरा मात्र आमच्या चिरंजीवांचा उतरतो. जुलैत आपण दोघी आजी होणार, हे मी शेजारपाजाऱ्यांना इतक्यांदा सांगितलंय की आता मी दिसले की लोक दुकानात शिरतात.

एक सांगू का? रागावू नका. मागच्या आठवड्यात तुम्ही आमच्याकडे आलात, निघताना आमच्या ह्यांनी मागून हाक मारली, तेव्हा तुम्ही मान वळवली नाहीत. अख्ख्याच वळलात, अरुंद गल्लीत ट्रक वळतो तशा. मुलं कशी धावतात, कशी वाकतात हेच बघण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे डोळ्यांना खोड लागली आहे.

मी दर महिन्याला कायरोप्रॅक्टरकडे जाते. शब्द जिभेला पीळ घालणारा आहे, म्हणून आमचे हे तिला मणकेवाली म्हणतात. ती हाताने मणके आणि सांधे तपासते, अडलेला भाग मोकळा करते, घरी करायचे व्यायाम देते. माझं काहीच दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच जाते. या वयात एकदा हालचाल आखडली की ती परत मिळवायला फार नाकदुऱ्या काढाव्या लागतात. तुमच्या गावातही कुणीतरी असेलच. बाळाजवळ राहायला कुणी ना कुणी लागणार, मुलांचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. म्हणून सहज सुचवलं.

लोभ असावा, आणि मला ट्रकची उपमा माफ असावी.

आपली,
मुलाची आई

१३ फेब्रुवारी

सौ. विहीणबाईंस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. ट्रक तर ट्रक. निदान रिक्षा म्हणाला नाहीत.

माझ्या मानेचं म्हणाल तर ती शिलाई मशीनवर वाकून वाकून अशीच झाली आहे. या मानेनेच दुकान चालवलं, मुलगी शिकवली, आणि तुमच्या चिरंजीवांचा लग्नातला कोटही हिनेच शिवला. त्या कोटाला नाव ठेवायला अजून कुणी जन्माला आलेलं नाही. दुखतं म्हणाल तर सकाळी थोडं. चहा झाला की विसरते. उसवलेलं नाही ते कशाला शिवायचं? आमच्याकडे ज्याला काही होत नाही तो डॉक्टरकडे जात नाही. तुमच्याकडे जातो. ज्याची त्याची हौस.

बाळाजवळ राहायचं तर मीच राहणार आहे. मुलीशी बोलणं झालं आहे. दुकान सहा महिने बंद ठेवायचं ठरवलंय. दुपटी शिवायला घेतली आहेत, मऊ सुती, कडेला पिवळी पट्टी. तुम्ही पळत या, पळत जा, हरकत नाही.

लोभ आहेच. तो आपण दोघींनी घट्ट टाक्यांनी धरून ठेवावा.

आपली,
मुलीची आई

२० फेब्रुवारी

श्रीमती विहीणबाईंस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हौसेच्या वाक्याला ते इतके हसले की ठसका लागला. घरात तुमची बाजू घेणारा माणूस आहे, हे लक्षात ठेवा.

पण मी गप्प बसणारी नाही. मशीनला तेल तुम्ही ती जाम झाल्यावर घालता का? आमच्या मणकेवालीकडे काल गेले होते. तिने मला खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं, मग एका पायावर उभं केलं. उजव्यावर मी बगळ्यासारखी उभी. डाव्यावर अशी डुलले की तिने हसून धरलं. आता रोज दात घासताना डाव्या पायावर उभी असते. आमचे हे न्हाणीघराबाहेर टॉवेल धरून वाट बघतात.

तुम्हीही एकदा दाखवून याच. चिरंजीवांशी बोलणं झालं तेव्हा त्याच्याही कानावर घातलं, की आईंची मान जरा बघायला हवी.

लोभ असावा, ओरडा नसावा.

आपली,
मुलाची आई

२ मार्च

सौ. विहीणबाईंस,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले.

काल मुलीचा फोन आला होता. तिने मला विचारले की आई, तुला बाळाचं खरंच जमेल का? आजवर तिने मला असा प्रश्न विचारलेला नाही. ताप असला तरी मी स्वयंपाक केला, पाय मुरगळला होता तरी दुकान उघडलं. जमेल का, हे तिच्या मनात आपणहून आलेलं नाही. कुठून आलं ते मला समजतं.

मशीनला नातवंड होत नाही. मला होणार आहे. माझ्या मानेबद्दल यापुढे काही लिहू नये.

कळावे,
मुलीची आई

११ मार्च

ती. अहो आईंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. घरी लिहिलं असतं तर तुमच्या चिरंजीवांनी मधेच वाचून दुरुस्त्या सुचवल्या असत्या.

आई तुमच्यावर रुसली आहे ते मला माहीत आहे. दोष माझा की तुमच्या मुलाचा, यावर आमचं एक भांडण होऊन गेलंय. पण तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी मी आईकडे गेले होते. दुपारी कापडाचा गठ्ठा घेऊन आम्ही रस्ता ओलांडत होतो. डावीकडून सायकल येत होती, घंटाही वाजत होती. आईला मान वळवता आली नाही. ती वळेपर्यंत सायकल येऊन भिडली. सायकलवाल्याने ब्रेक दाबला म्हणून निभावलं. गठ्ठा पडला, कापड रस्ताभर पसरलं. आईने ते गोळा केलं, त्या माणसालाच चार शब्द सुनावले, आणि मला म्हणाली की घरी काही बोलू नकोस. घरी कोण आहे तिच्या? मीच.

म्हणून मी जमेल का असं विचारलं. तुमच्यामुळे नाही. पण हे तिला सांगितलं तर ती मला भित्री म्हणेल, आणि मी आहेच भित्री सध्या. तुम्ही तिला उपदेश करू नका, पण लिहिणं थांबवू नका. ती तुमची पत्रं मशीनच्या खणात ठेवते आणि विचारलं तर म्हणते की तिथे कागद लागतात.

बाळ लाथा मारायला लागलंय. तुमच्यावर गेलं आहे.

आपली लाडकी (असं मीच ठरवलंय),
सून

१८ मार्च

श्रीमती विहीणबाईंस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

या पत्रात तुमच्या मानेचा उल्लेख नाही. हे पहिलंच वाक्य लिहिताना तो झाला, तेवढा सोडून द्या.

मी तुमच्या पाठीमागे मुलाशी बोलले ते चुकलं. बोलायचं तर तुमच्याशीच बोलायला हवं होतं. मैदानावर शिट्टी फुंकायची सवय, ती घरात फुंकली गेली.

माझ्या आईबद्दल तुम्हाला कधी सांगितलं नाही. ती शेवटची सहा वर्षं खिडकीशी खुर्चीत होती. पडली नाही, हाड मोडलं नाही, मोठं दुखणं नाही. आधी जिना नको म्हणाली, मग बाजार नको, मग अंगण नको. दर वेळी आम्हाला वाटायचं की वय झालं, राहू दे. ती हळूहळू थांबत गेली आणि आम्ही तिला पाणी हातात देत राहिलो. लेकीने खेळ शिकवायचे आणि आईला उठता येऊ नये! मी महिन्याच्या महिन्याला जाते ती हौस नाही, विहीणबाई. धाक आहे. त्या खुर्चीचा.

बाळाजवळ तुम्हीच राहा. मी कुणाशीही याविरुद्ध बोलणार नाही. फक्त बोलणं सोडू नका. आमच्या ह्यांनी तीनदा विचारलं की तिकडचं पत्र आलं नाही का.

लोभ होता तसाच असावा.

आपली,
मुलाची आई

२६ एप्रिल

प्रिय विहीणबाई,
स. न. वि. वि.

उशीर झाला, कारण सांगण्यासारखं काही जमेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मी गेले. कुणाला न सांगता, दुकानावर पाटी लावून, चोरासारखी. बाजारामागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत आमच्या गावची मणकेवाली बसते. वय असेल माझ्या मुलीएवढं, मनगटं मात्र पैलवानाची. खिडकीत पाठीच्या कण्याचा सांगाडा टांगलेला. मी मनातल्या मनात त्याचं माप घेऊन टाकलं. आता मानेतून कडाड आवाज येणार म्हणून डोळे गच्च मिटून बसले, तर ती नुसते प्रश्नच विचारते. कधी पडलात का, औषधं कोणती, चक्कर येते का, हातापायांना मुंग्या येतात का. सायकलचं सांगून टाकलं. तुम्हाला ते माहीत असणार. माझ्या मुलीच्या पोटात बाळ राहील, पण गोष्ट राहणार नाही.

सगळं ऐकून ती म्हणाली की एक्स-रे आणि हाडांची तपासणी झाल्याशिवाय मी तुमच्या मानेला जोर लावणार नाही. हे मला पटलं. कापड हातात घेऊन बघितल्याशिवाय मीही कात्री लावत नाही. तपासणीत निघालं की हाडं विरली आहेत. वरून धड दिसतात, पण उजेडासमोर धरली की आरपार दिसावं, अशी. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. मणकेवाली म्हणाली की तुम्हाला कटकन मोकळं करायचं नाही, हलक्या हातानेच करायचं, आणि बाकीचं काम तुम्ही करायचं. मशीनखाली लाकडी ठोकळे घालून ती उंच केली. घटकाभर शिवलं की उठायचं. रोज व्यायाम. मान पूर्वीसारखी झालेली नाही, पण परवा रस्त्यावर मी दोन्हीकडे बघितलं आणि उगीचच आणखी एकदा बघितलं.

आता अवघड भाग. मी तिला सरळच विचारलं, की तान्ह्या बाळाला घेऊन तीन मजले चढ-उतार करू का? तिने खोटा धीर दिला नाही. म्हणाली की मांडीवर घ्या, खेळवा, निजवा, सगळं करा, पण बाळ हातात घेऊन जिने सध्या नकोत. पडलात तर दोघं पडाल. घरी येऊन मशीनवर बसले, पण सुईत दोरा ओवला जाईना.

दुसऱ्या दिवशी मुलीला मीच फोन केला आणि सगळं सांगितलं. रडेल असं वाटलं होतं. ती एकदम हसली आणि म्हणाली की आई, आता मला झोप लागेल.

तेव्हा विचारते. आजवर कुणाकडे काही मागितलं नाही, त्यामुळे कसं मागतात ते नीट येत नाही. तुम्ही माझ्याबरोबर राहायला याल का?

लोभ वाढवावा. कमी पडला तर इकडून पुरवीन.

तुमची,
कात्रीवाली विहीण

१ मे

प्रिय कात्रीबाई,
सप्रेम नमस्कार वि. वि.

येईन का? पेटी काढून पलंगावर ठेवली आहे, आणि आमचे हे तिच्याभोवती पोरकं झाल्यासारखे फिरताहेत.

मांडी तुमची, जिने माझे. डॉक्टरकडे नेणं, खाली उन्हात फिरवणं, भाजी आणणं माझ्याकडे. निजवणं, न्हाऊ घालणं, गाणी म्हणणं तुमच्याकडे. मी गायले तर बाळ रांगायच्या आधी पळून जाईल. सकाळचा व्यायाम दोघींनी मिळून. तुमच्या मणकेवालीने काय दिलंय आणि काय मना केलंय ते लिहून आणा. माझ्या उड्या तुम्हाला नकोत, मी स्वतःला आवर घालीन.

खरं सांगू, मीही घाबरले होते. एकटीने तान्हं बाळ सांभाळायची वेळ आली असती तर मी त्याला रांगेत उभं केलं असतं.

लोभ आता मागत नाही, गृहीत धरते.

तुमची,
शिट्टीवाली विहीण

२९ ऑक्टोबर

प्रिय शिट्टीबाई,
स. न. वि. वि.

तुम्हाला घरी जाऊन आठवडा झाला नाही, तोच इथली शिस्त ढासळली. व्याह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून बरं वाटलं. ते एका डोळ्याने तुमच्यावर लक्ष ठेवून असतील. तुमचे जिने सध्या चिरंजीव सांभाळतात. सकाळी नातीला खाली फिरवून आणतात आणि मगच कामावर जातात. धापा टाकतात. या वयात ही तऱ्हा! मी काही सुचवलं नाही. सुचवायचं काम तुमचं.

कालची गंमत सांगते. पोरीला आता पोटावर ठेवलं की ती मान उचलते. थरथरते, लालबुंद होते, आणि धपकन नाक गादीत. मला मणकेवालीने नेमका तसलाच व्यायाम दिलाय, पालथं पडून छाती जरा वर उचलायची. म्हटलं, दोघींचा एकदमच होऊ दे. सतरंजीवर तिच्यासमोर मी आडवी झाले.

तेवढ्यात मुलगी ऑफिसातून लवकर आली. दार उघडून बघते तो आई जमिनीवर पालथी! अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले. हातातली पिशवी पडली, बटाटे घरभर. मी मान वर करून तिला सांगितलं की आरडाओरडा करू नकोस, आमचा वर्ग चालू आहे. आधी ती भिंतीला टेकून रडली. मग हसायला लागली, मग बटाटे तसेच टाकून तीही आमच्याशेजारी पालथी पडली. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून तिची पाठही लाकूड झाली आहे.

तिघींनी एकदम माना उचलल्या. आधी मुलीची खाली गेली. मग नातीची. मी अजून वर होते.

व्याह्यांना नमस्कार. त्यांचा डोळा उघडला की निघून या, सतरंजीवर तुमची जागा मोकळी ठेवली आहे. लोभ इकडे उतू चालला आहे, भांडं घेऊन यावे.

तुमची,
कात्रीवाली विहीण