तळ्यातलं नवं रक्त

फतेगंज, बडोदे
१२ जून २०२३

ती. स्व. कौशल्याआत्यासाहेबांस,
संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तुमच्या गावतळ्यातल्या कासवांची रक्ततपासणी आमच्या प्रयोगशाळेत झाली. अंडी दरवर्षी का फुकट जातात, ते कळलं! हायवे आणि कालवा झाल्यापासून तिथं बाहेरचं एकही कासव आलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच जोड्या जमल्या आणि जनुकांमधला वेगळेपणा जवळजवळ संपला.

आमचे वरिष्ठ दक्षिणेतली कासवं आणणार होते. मी अडून बसले, कारण तपासणीत त्यांचं कूळच निराळं निघालं. डभोईकडची मात्र आपल्याच कुळीतली, शिवाय नात्याबाहेरची. ती आणायची परवानगी मिळाली, पण तुमचे सरपंच हंबीरराव नको म्हणतात. बाहेरची जनावरं रोग आणतील, अशी त्यांना भीती. आत्यासाहेब, तुम्हीच बोला.

माया आहेच, ती वाढती ठेवा.
आपली भाची,
संयोगिता

करजण
२५ जून २०२३

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पंचायतीत वाचलं. जनुकं कुणाच्याच डोक्यात शिरेनात. मग मी हंबीररावांना विचारलं, की सोयरीक जुळवताना आधी काय बघता? ते म्हणाले, देवक; दोघांचं एकच निघालं, तर सोयरीक नाही. मी म्हटलं, तळ्यात सगळ्यांचं देवक एकच झालंय, पाळणा हलणार कसा? सगळे हसले, ते सोडून. रोगाची भीती खोटी नाही, यावर ते ठाम. शेवटी मी शब्द दिला, की पाहुणे आधी आमच्या परसातल्या हौदात राहतील, तू तपासशील, मगच तळ्यात. आता माझी अब्रू तुझ्या हाती.

तुझ्या स्वतःच्या सोयरिकीचं कधी बोलायचं, तेही कळव!

तब्येतीला जप.
तुझी आत्या

करजण
२ जुलै २०२५

चि. संयोगितास पोटभर आशीर्वाद.

फोनवर रडूच आलं, म्हणून सगळं लिहून कळवते. डभोईची कासवं हौदातून तळ्यात सोडली, तरी गेल्या साली एकही अंडं फुटलं नाही, तेव्हा लोक मला नावं ठेवत होते आणि तू तोंड दाखवेनास. आज सकाळी गावच्या रस्त्यापलीकडच्या बांधातून पिल्लं निघाली! रुपयाएवढी, पण काय दम! सगळी रस्ता ओलांडून तळ्याकडे. बडोद्याहून आलेले तुझे साहेब म्हणाले, यापुढे कुठल्याही तळ्यात आधी रक्त तपासणार, मगच कासवं सोडणार.

आणि हंबीरराव? त्यांनी ट्रॅक्टर रस्त्यात आडवा लावला. मागून बसवाला हॉर्न वाजवत होता. त्याला ते ओरडून म्हणाले, की थांबा भाई, आमच्या गावची लेकरं घरी चाललीत!

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
तुझी आत्या