नव्या तांदळाचं पाणी

माय, हे मी गोंदियाच्या एका हॉलमध्ये, आमच्या कंपनीच्या कार्यक्रमात, तिसऱ्या रांगेत बसून लिहितेय. एकेक बाई स्टेजवर जाते, आपण भीतीवर कशी मात केली ते माईकवर सांगते, खाली टाळ्या. माझा नंबर चौथा. मघाशी सूत्रसंचालन करणारी मुलगी कानाशी येऊन सांगून गेली, "दीदी, घबराना नहीं, कागज देखके बोलना." कागद कंपनीनं छापून दिलाय, त्याच्याच पाठीवर हे लिहितेय. भीतीवर मात म्हणे! सकाळी अर्जुनीला गाडीत बसले. दोनदा वाटलं, मधल्याच स्टेशनावर उतरावं आणि घरी जावं.

तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली, त्यामुळे मी काय करते ते तुला माहीतच नाही. मी कुकर आणि स्टीलची भांडी विकते, दुकानात नाही, लोकांच्या घरी जाऊन. एका घरी शेजारपाजारच्या बायका जमवायच्या, त्यांच्यासमोर त्याच घरचा तांदूळ शिजवून दाखवायचा, मग ऑर्डर घ्यायची. पाहुणे आले की कोठीत लपणारी तुझी मुलगी हे करते! पहिले दोन महिने मी भांड्यांची बॅग घेऊन निघायचे, एसटी स्टँडवर बसायचे आणि परत यायचे. नवऱ्यानं विचारलं की सांगायचे, बायका शेतावर होत्या. एकदा तो म्हणाला, "नसन जमत तं सोडून दे ना, कोण जबरदस्ती करून राहिलं?" प्रेमानंच म्हणाला. पण त्या दिवसापासून मला दुसरीच भीती बसली, की हेही सुटलं तर आपल्याला काहीच धड जमत नाही हे पक्कं होईल.

शेवटी आपल्या तालुक्यातल्या प्रतापगडाजवळच्या एका गावात मी पहिला भात लावला. धान चुरून, मळणी होऊन झाली होती, घरोघरी नवा तांदूळ आला होता. घरधनीण सुपात तांदूळ घेऊन आली. मी तो धुतला आणि माझ्या बोटांना कळलं, हा नवा आहे, याला पाणी कमी लागेल. खरंच कळलं, माय. पण कंपनीच्या कृतीच्या कागदावर छापलं होतं, एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, आणि प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं की कागदाबाहेर जायचं नाही. दहा-बारा बायका टक लावून बघत होत्या. मला वाटलं, छापलेलं कसं चुकेल, चुकत असेन तर मीच. ओतलं पाणी. झाकण उघडलं तर आत नुसता लगदा.

"हा भात होय का पेज?" घरधनीण म्हणाली, आणि ओसरी हसायला लागली. "कंपनीच्या बाईले नवा तांदूळ नाही समजत व!" मी बॅग आवरून निघाले, घाईत झारा तिथंच राहिला. रस्ताभर रडले. बाहेरच्या बाईला नसतं समजलं तर ठीक, पण मी तुझी मुलगी.

आपल्या शाळेचं ते टिनाचं स्वयंपाकघर मला आजही दिसतं. तू चुलीवर खिचडीचा गंज चढवतेयस, धुरानं डोळे लाल. मी सातवीत आहे. तुला वाचता येत नाही म्हणून मोठ्या तोऱ्यात भिंतीवरचा मापांचा तक्ता वाचून मी गंजात पाणी ओततेय, आणि तू माझा हात धरतेस. "तक्ता काऊन पाहून राहिली? तांदूळ पाय ना! नवा आहे का जुना, विचारलं का त्याले?" सगळ्या पोरांसमोर बोललीस. मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी जेवलेच नाही.

कोणाचं अन्न आपल्या हातून नासलं तर भरून द्यायचं, ही तुझीच रीत. म्हणून आठवड्यानं मी शेरभर तांदूळ घेऊन त्याच घरी गेले. विकायला नाही, फिट्टंफाट करून भांड्यांचं किट कंपनीला कायमचं परत द्यायचं ठरवलं होतं. दारातूनच तांदूळ पुढे केला. घरधनीण म्हणाली, "तांदूळ नको आम्हाले. घरी का कमी आहे? भात करून दाखव." पुन्हा त्याच बायका जमल्या. कागद मी बॅगेतून काढलाच नाही. "नवा आहे का जुना?" एवढं विचारलं, आणि तू घ्यायचीस तसं बोट बुडवून पेराच्या खालीच पाणी ठेवलं. शिटी होईपर्यंत मी कुकरसमोरून हलले नाही. भात मोकळा झाला. तिनं दोन शितं दाबून पाहिली आणि म्हणाली, "ठेवून जाय एक कुकर."

तिथून धंदा लागला. आता तालुक्यात माझ्या हाताखाली बऱ्याच बायका आहेत, आणि प्रत्येकीला मी आधी तांदूळ ओळखायला शिकवते. भीती मात्र तिथंच आहे. अजूनही कुठल्या दारात जायच्या आधी मी स्कुटीवर पाच मिनिटं बसून राहते.

दुसरी बाई बोलून उतरली. सगळ्यांना शेवटी एकच विचारतात, हे तुम्हाला कोणी शिकवलं? कागदावर उत्तर आहे, कंपनीच्या प्रशिक्षणानं.

आणि मला सातवीत आमच्या वर्गात नवी आलेली एक मुलगी आठवते. तिनं खिचडीच्या रांगेत विचारलं होतं, ती खिचडीवाली तुझी कोण? मी म्हटलं, कोणी नाही, आमच्या गावची आहे. तू समोरच होतीस, हातात डाव होता. तू ऐकलंस. माझ्या ताटात सगळ्यांइतकीच खिचडी वाढलीस आणि घरी त्यावर एक शब्द काढला नाहीस. मीही कधी काढला नाही.

तिसरी उठली. हा कागद तुला पोचणार नाही, स्टेजवर माझ्याच हातात राहील. खिचडीवाली माझी माय होती, एवढं एक वाक्य सकाळपासून घोकतेय. गाडीत शेजारच्या अनोळखी बाईलाही मोठ्यानं म्हणून दाखवता आलं नाही.