सुपातले खडे

नेरडीगोंडा, मार्च १९९१

ती. सासूबाई,

पाया पडते. हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. "मायला कळवू नको," असं बजावूनच तुमचे लेक सकाळी आदिलाबादच्या दवाखान्यात गेले. आज त्यांच्या पोटाचं आप्रेशन आहे. संगं भावजी गेले. मी घरी एकटी आहे.

मामंजी दवाखान्यात होते, त्या दिवशी तुमी ज्वारी निवडत बसल्या होत्या. निवडून झाली की खडे परत सुपात टाकायच्या आन् पुन्हा निवडायच्या. "काऊन येड्यावानी करून राह्यल्या?" म्हणत मी सूप हिसकावलं. सांजेला मामंजी गेल्याची खबर आली, तोवर तुमी रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राह्यल्या.

आज सकाळपासून मी तेच सूप घेऊन बसली. खडा वेचेपर्यंत जीव ठिकाणावर राह्यते. ज्वारी दोनदा साफ झाली. दोन्ही खेपेला सगळे खडे मीच परत टाकले.

आता पोरगी शाळेतून येईल. मला पाहून हसेल. हसू दे. सूप तेवढं हिसकावू नये.

तुमची सून,
बयना