ग्लोव्हमधली गादी

प्रिय माकाबे,

पुढच्या सोमवारी तुला क्लबला उत्तर द्यायचंय, अजून एक मोसम खेळणार की थांबणार. काल फोनवर तू विचारलंस, "दादा, तुम्हीच सांगा, माझा चेंडू ग्लोव्हमध्ये अजून वाजतो ना?" आणि मी बेधडक म्हणालो, "वाजतो म्हणजे काय, कान फुटतात माझे!" तू लहान पोरासारखा हसलास.  रात्री हिनं शेकलेल्या कात्सुओ माशाचे काप पुढे ठेवले, ते तसेच राहिले.

कोचीच्या बेसबॉल शिबिरात तू आलास तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास आणि सरावाचे चेंडू झेलायला मी. तुझा तो चेंडू फलंदाजापुढे येऊन विहिरीत पडल्यासारखा खाली जायचा. पहिलाच माझ्या गुडघ्यावर बसला. मी शिव्या घातल्या, तू वाकून वाकून माफी मागत होतास नि हसूही दाबत होतास. पुढे लोक काय वाट्टेल ते बोलायचे. म्हणे, तुझ्या मनगटात एक हाड कमी आहे. पत्रकारांनी विचारलं की मी गंभीर चेहरा करून सांगायचो, "एक नाही, दोन." आपल्या दोघांना मात्र ठाऊक होतं, विहिरीची जादू तिच्या आधीच्या सरळ चेंडूत आहे. तो सणसणत आला तरच फलंदाज फसतो.

आम्हा सराव-कॅचरांचं काम एकच, पिचरला खुशीत मैदानावर पाठवायचं. चेंडू तर्जनीच्या मुळाशी झेलला की ग्लोव्ह फाडकन वाजतो, पिचरची छाती फुगते. दोन वर्षांपूर्वी तुझा सरळ चेंडू मंदावला. आवाज येईना. तो पुन्हा वाजावा म्हणून मी गुपचूप ग्लोव्हमधली गादी काढून टाकली. माझं बोट त्यानंच वाकडं झालं. तुला सांगितलं, दारात चेपलं. सप्टेंबरात सामन्यात सहा धावांचा मार खाऊन परतलास आणि म्हणालास, "सरावात चेंडू तर वाजत होता दादा, नशीबच फुटकं." मी मान डोलावली. त्याची मला अजून लाज वाटते.

आज सकाळी तुझ्या सानाएचा फोन आला. नवऱ्याच्या काळजीनं रडत होती. डॉक्टरांनी बजावलंय, अजून एक मोसम खेळलास तर कोपर कायमचं जाईल, आणि तू तिला म्हणालास, "शिओमीदादा म्हणतात, चेंडू वाजतोय." म्हणून हे पत्र. अरे बाबा, तो आवाज माझा होता. विहीर मात्र वीस वर्षं तुझीच होती, तिच्यात माझा हात नाही. रागाव, शिव्या दे, पण रविवारी नदीकाठच्या मैदानावर ये. गादी परत शिवून घेतली आहे. तीनच चेंडू टाक, आणि स्वतःच्या कानांनी ऐक.

तुझाच,
शिओमी