पाटाचं निळं पाणी

के. आर. पुरम,
मार्च १९६६

प्रिय रत्ना,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं. बाळ पोटात लाथा मारतंय हे वाचून मी घरात एकटीच हसत बसले. आणि मागणं तरी काय, तर चिंच नको, कैरी नको, आपल्या तोटातली, भाजीच्या मळ्यातली माती हवी. लाल, निखाऱ्यावर भाजलेली, फडक्यात बांधून. अगं, लोक एकदा माती खातात आणि जन्मभर पस्तावतात. तुला ती टपालाने हवी.

पण मी कोणत्या तोंडाने हसू? तुझ्या वेळी मीही तीच खाल्ली होती. भाजीच्या वाफ्यात पाटाचं पाणी शिरलं की जो वास सुटायचा, तो मला नुसता हुंगून पुरत नसे. सासूबाई पुढ्यात ढेकूळ ठेवायच्या आणि दुसरीकडे बघायच्या. जिभेवर ते विरघळलं की वाटायचं, सगळं तोट हळूहळू माझ्या आत उतरतंय आणि तू तिथे कुठेतरी बांधावर पाय सोडून बसली आहेस.

काल दुपारी भिंतीला टेकले होते, तर डोळा लागला. तू दिसलीस, परकर नेसलेली, मुळ्याच्या पांढऱ्या फुलांत. मी हाक मारली. तू मान वळवलीस, तर तुझे ओठ निळे. दचकून जागी झाले. अंगणात ऊन होतं, कोंबड्या माती उकरत होत्या.

हे निळं कुठून आलं ते तुला ठाऊक नाही. तुझं लग्न होऊन तू शिमोग्याला गेलीस, त्याच वर्षी नाल्याच्या वरच्या अंगाला मुलाम्याचा कारखाना निघाला. सायकलींचे दांडे, दारांच्या कड्या, सगळ्यांना तिथे चांदीसारखी झळाळी चढवतात. त्यांचं पाणी नाल्यात सुटू लागलं. तू दोनदा आलीस ती पावसाळ्यात, तेव्हा सगळंच गढूळ असतं. आपली विहीर चैत्रात तळ गाठते, आणि नाला तर भर उन्हाळ्यात वाहता. तुझ्या अण्णांनी पाट काढून तो तोटात घेतला आणि म्हणाले, गंगा आपण होऊन दारात आली. खरं सांगू, फार सुंदर दिसायचं ते पाणी. सकाळच्या धुक्यात निळसर, ऊन चढलं की मोराच्या मानेसारखं. मी शेणाची पाटी कडेवर घेऊन बघतच उभी राहायची. वाटायचं, आभाळच आळ्या-आळ्यांतून फिरतंय. अजूनही कधीकधी त्या निळ्याची आठवण येते, आणि मग माझाच मला राग येतो.

पहिल्या वर्षी भाजी अशी माजली की बाजारात आपल्या सोप्पूच्या, पालेभाजीच्या जुड्या आधी उचलल्या जायच्या. पुढच्या वर्षी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मुळा पोसेचना. अण्णांनी खत घातलं, बनशंकरीला नारळ फोडला, नजर लावलीस म्हणून शेजारच्या यल्लाप्पाशी भांडणही उकरून काढलं. त्या बिचाऱ्याच्या वाफ्यांतही तेच चाललं होतं. मग आपली गौरी व्यायली. वासरू हललंच नाही. ती कितीतरी वेळ त्याला चाटत होती. हे तुला कळवायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं.

त्यानंतर शेतकी खात्याचा माणूस माती आणि विहिरीचं पाणी तपासायला घेऊन गेला. परत येऊन त्याने नीट समजावलं. कारखान्याच्या पाण्यातून निकेल, जस्त, शिसं जमिनीत उतरलंय, विहिरीतही झिरपलंय. पाट बंद केला तरी माती ते सोडत नाही. आणि पोटुशीला, तान्ह्याला त्याचा धोका सगळ्यांत जास्त. लुगडं मळलं तर धुता येतं, शेत कुठल्या दगडावर आपटू? अण्णांनी पाट बुजवला. आसपासच्या विहिरी सगळ्या तशाच, म्हणून आम्ही आपलं आहे तेच पितो. आमची हाडं आता काय वाढायची आहेत? पण तुला माती पाठवणार नाही. डोहाळे मोडू नयेत म्हणतात. हा मी मोडते आहे, पाप लागलं तर मला लागो. तिकडचीही माती तोंडात घालू नकोस, गूळ-फुटाणे चघळ.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी मधली खोली सारवून ठेवली होती, बाजेला नवी दोरी भरली होती. परवा तुझे अण्णा त्या बाजेवर येऊन बसले. या जमिनीला कुणी वाईट म्हटलं तर अंगावर धावून जाणारा माणूस. दोरीवरून हात फिरवत म्हणाले, “रत्नीला इथं आणू नको. स्वल्प दिवस तूच जा तिकडं.” मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. तेव्हा रत्ना, तू येऊ नकोस. मीच येते. तुझ्या सासूबाईंना सांग, विहीण राहायला येते आहे, गोड मानून घ्या. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही आपली रीत. माझ्या आईने तुझ्या जन्माआधी माझ्या घरचा थेंब घेतला नव्हता. मी घेणार आहे. दारात पाऊल टाकलं की तांब्याभर मागेन. काही न विचारता दे.

तुझीच,
आई